चवीचा रकाना

“घर इकाचं असन तं इकजो माय, पन इहिरीचं सांगून इकजो. अन् बाप्याले नोको सांगू, बाईले सांगजो. डाळ तिले शिजवा लागन.”

हे आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, शेवटच्या आजारातलं बोलणं. मी “हो” म्हटलं. आजारी माणसाला आपण पुष्कळ गोष्टींना हो म्हणतो. पण आत्याबाईंनी माझा हात धरून तीनदा हो म्हणवून घेतलं, कारण माझा आवाज मुळातच बारीक आणि एकदा म्हटलेलं कुणाला ऐकू जात नाही.

आमचं गाव वरवट बकाल, घाटाखालचं. इथल्या विहिरींना खारं पाणी. आमच्या अंगणातल्या विहिरीची आणखी एक खोड आहे. पावसाळ्यात ती गोड होते. श्रावण-भाद्रपदात ती पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर बसलेल्या मुलीसारखी वागते. शांत, गोड, खाली मान. दिवाळी आटोपली की खरा स्वभाव दिसू लागतो. वैशाखात त्या पाण्यात तुरीची डाळ सकाळी चुलीवर ठेवली तर संध्याकाळी ती तशीच, दाणा न् दाणा वेगळा, ताठ बसलेली. म्हणून गावातल्या बायका डाळीपुरती एक घागर मैलभरावरच्या मळ्यातल्या गोड्या विहिरीवरून आणतात.

हे गावात सगळ्यांना माहीत असल्यामुळे कुणी कुणाला सांगत नाही. आत्याबाई घाटावरून या घरात सून म्हणून आल्या तेव्हा त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. तीन महिने त्यांची डाळ शिजली नाही, आणि तीन महिने त्यांच्या आईचा उद्धार झाला. घरच्यांना वाटलं, हिला ठाऊकच असेल. पुढे साठ वर्षं त्यांनी उत्तम वरण केलं. पण गावातलं कोणी वरणाला चांगलं म्हणालं, की त्यांचा चेहरा उतरायचा. त्यांची डाळीची पितळी तपेली अजून माझ्याकडे आहे. आतून पांढरा थर धरलेला. चिंच, राख, विटकर, कशानंही न निघालेला.

घर विकायची वेळ आणली ती नव्या जिल्हा परिषदेनं. ती स्थापन झाली, हार-तुरे झाले, भाषणं झाली, आणि लोकांसाठी काहीतरी केलं पाहिजे म्हणून तिनं मास्तरांच्या बदल्या केल्या. आमचे हे, वामनराव मास्तर, मोताळ्याला गेले. तिथं त्यांनी एक बरं घर पाहून ठेवलं आणि मालकाला शब्द देऊन बसले. म्हणजे इथलं विकल्याशिवाय तिथलं नाही, आणि शब्द तर गेलेला.

“आता दलाल पाहा लागन,” हे म्हणाले.

गावात दलाल एकच, उकंडराव. त्यांचा धंदा बैलबाजाराचा. रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरवायचा, आणि बाहेर चेहरा असा ठेवायचा की जणू हात दुसऱ्याच कुणाचा आहे. घर विकायची त्यांची ही पहिलीच वेळ, पण त्यांनी ते जाणवू दिलं नाही. आल्याबरोबर घराला एक फेरी मारली, भिंतीवर थाप मारली, खांब हलवून पाहिला. दात पाहायचे तेवढे राहिले.

“उकंडराव, तुम्ही आमच्याकडून ना?” ह्यांनी विचारलं.

“तुमच्याकडूनच मास्तर. तुमी काय मले परके हाय?”

पुढे कळलं की घेणाऱ्यांनाही ते तेच वाक्य बोलले होते, आणि दोन्ही वेळा मनापासून. ओसरीवर ते आमचे असत, विहिरीजवळ त्यांचे होत, आणि चहा आला की दोघांच्या बरोबर मधोमध बसत.

आता माझ्या नेमांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथं आहे. सोमवार, प्रदोष, चतुर्थी हे तर आहेतच. शिवाय चातुर्मासात सकाळी उठल्यापासून महादेवाची पूजा, पोथीचा अध्याय आणि नैवेद्य होईपर्यंत माझं मौन असतं. नैवेद्याला बारा वाजतात. मला ते जड जात नाही. हे म्हणतात, बारानंतरही फारसा फरक कळत नाही.

उकंडरावांनी पहिलं गिऱ्हाईक आणलं ते श्रावणातल्या सकाळी नऊ वाजता. हिंमतराव नावाचे वयस्क, धिप्पाड गृहस्थ. पांढरा फेटा, हातात काठी. विहिरीचं पाणी काढून दिलं. त्यांनी ओंजळीनं प्यायलं आणि मिशा पुसल्या.

“गोड हाय ना हो,” ते म्हणाले. “लोक तं म्हनत होते, घाटाखाली पानी बेकार.”

“लोकायचं काय,” उकंडराव म्हणाले.

मी तुळशीजवळ उभी होते. आत्याबाईंचा हात मनगटाला धरल्यासारखा वाटला. बोलता येत नव्हतं, म्हणून मी पुढे झाले, विहिरीकडे बोट दाखवलं, ओंजळ तोंडाला लावल्यासारखी केली आणि तोंड होईल तेवढं वाकडं केलं. चाळिशी उलटलेल्या बाईनं परक्या पुरुषासमोर तोंड वेंगाडणं किती अवघड असतं, हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल.

हिंमतराव दचकले. “बाईले काय होऊन राह्यलं?”

“त्यायचं मौन हाय,” उकंडरावांनी एक पळही न दवडता सांगितलं. “चार महिन्याचं. त्या म्हनतात, गंगेचं पानी प्याल तरी ह्या पान्यापुढं असं तोंड होईन.”

हिंमतरावांनी फेटा सावरला आणि मला हात जोडले. “मौनी बाई हाय घरात. मंग पानी गोडच असनार.”

त्या दिवसापासून माझ्या मौनाची किंमत घराच्या किमतीत मिळवली गेली. उकंडराव बाजारात सांगत फिरू लागले की चार-चार महिने जिथं शब्द निघत नाही असं पवित्र घर पंचक्रोशीत नाही. मी व्रत महादेवासाठी धरलं होतं. फळ उकंडरावांच्या खात्यावर पडत होतं.

दुसऱ्यांदा मी तयारीत होते. शाळेतली पाटी आणून ठेवली होती. मात्र लिहिणं हे बोलणं होतं की नाही, याची शंका होती, म्हणून आदल्या दुपारी मंदिरातल्या पुराणिकबुवांना विचारलं. त्यांनी डोळे मिटले, बराच वेळ मिटलेलेच ठेवले आणि सांगितलं, “पुण्याची गोष्ट लिहिली तर मौन मोडत नाही. प्रपंचाची लिहिली तर मोडते.”

“अन् खरी गोष्ट लिहिली तर?”

“कोणाबद्दल खरी?” बुवांनी सावधपणे विचारलं. त्यांचंही घर विकायला होतं.

तरी मी लिहिलं. स्पष्ट, मोठ्या अक्षरात: ‘उन्हाळ्यात पाणी खारं होतं. डाळ शिजत नाही.’ हिंमतराव आले, मी पाटी पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली, उलटी धरली, कौतुकानं पाहिली आणि उकंडरावांकडे दिली.

“वाचा बाप्पा. आमाले काळं म्हणजे काळंच दिसते.”

उकंडरावांनी पाटी डोळ्यांपासून लांब धरली. “‘उन्हाळ्यात पानी आटत नाई. डाळ, भाजी, समदं होते.’”

मी मान जोरजोरानं हलवली. उकंडराव म्हणाले, “पाहा, बाई देवाचं नाव घेऊन राह्यल्या.” मग त्यांनी आपल्या धोतराच्या सोग्यानं पाटी पुसून माझ्या हातात परत दिली, मोठ्या आदरानं, दोन्ही हातांनी.

त्या दुपारी, तोंड मोकळं झाल्यावर, मी त्यांना गाठलं. वडाखाली पान लावत बसले होते.

“उकंडराव, बैल विकताना खोड सांगता ना तुम्ही?”

“सांगतो ना माय. बैल मारका असन तं मारका सांगतो, बसका असन तं बसका. धंद्याचा नेम हाय तो.”

“मग विहिरीची का नाही सांगत?”

त्यांनी चुना नीट चोळला. “बैल वापस येते माय. दुसऱ्या बाजारी दोर धरून आनून उभा करतात मानसं, चार लोकात शिव्या देतात. घर कोनी वापस आनत नाई.”

मी म्हटलं, निदान हिंमतरावांचं गाव सांगा, मी पत्र टाकते. तर ते म्हणाले, “गिऱ्हाइकाचं गाव सांगत नसतात. जसा तुमचा नेम, तसा माहाबी नेम.”

“तुम्ही आहात तरी कोणाचे?”

“मी कोनाचा नाई माय. मी मधातला.”

हे ते इतक्या शांतपणे म्हणाले की मलाच वाटलं, मी काहीतरी उर्मट बोलले. परत येताना वाटेत गोजरबाई भेटल्या. त्या आमच्या शेजारच्या. भिंतीला भिंत आणि विहिरीला विहीर.

“काऊन वं, तू इहिरीचं सांगून राह्यली म्हने?” त्यांनी रस्त्यातच विचारलं.

“सांगायला नको का?”

“तुह्या इहिरीचं सांगशीन तं माह्या इहिरीचं काय ते सांगायचं राह्यलं? पुढच्या सालात आमालेबी इकाचं हाय. तू जाशीन मोताळ्याले, पुण्य घेऊन. आमी इथं खारं पानी अन् पडेल भाव दोन्ही घेऊन बसू?” मग आवाज खाली आणून, मायेनं, “अन् खाऱ्या पान्यानं हाडं पक्की होतात. तुही सासू नव्वद वर्स जगली का नाई?”

आत्याबाई चौऱ्याहत्तराव्या वर्षी गेल्या. पण गावात मेलेल्या माणसाचं वय गरजेप्रमाणे वाढतं.

मग मला वाटलं, सरकारी कागद तरी खरं बोलेल. खरेदीसाठी ग्रामपंचायतीचा दाखला लागणार होता. मी ह्यांच्याबरोबर गेले, आणि कागद लिहिताना ग्रामसेवकांना हळूच म्हटलं, “विहिरीपुढे तेवढं खारं लिहा.”

“काय?”

मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ऐकू गेलं. ग्रामसेवक तरुण होता, नवा होता, आणि नव्या राज्याचे नवे छापील नमुने त्याच्याकडे आले होते. त्यानं नमुना माझ्याकडे वळवला. ‘विहीर: आहे / नाही. पाणी: आहे / नाही.’

“यात कुठं लिहू सांगा बाई? चवीचा रकाना नाही.”

“खाली थोडी जागा आहे ना.”

“ती शिक्क्याची आहे.”

त्यानं ‘आहे’वर खूण केली, दोनदा, आणि शिक्का मारला. ह्यांनी बाहेर आल्यावर एवढंच विचारलं, “तुले मोताळ्याले यायचं हाय का नाई?” रागानं नाही. हे रागावत नाहीत, नुसते थकलेले दिसतात, आणि ते जास्त वाईट असतं. त्यांनी मोताळ्याच्या मालकाला दिलेला शब्द त्यांच्या घशात अडकला होता, जसा माझा माझ्या.

इथपर्यंत सगळा दोष कुणाचा होता ते मी तुम्हाला बरोबर सांगितलं. उकंडरावांचा, बुवांचा, गोजरबाईंचा, ग्रामसेवकाचा, आणि वेळेचा. माझा नव्हता. मी तर बोलूच शकत नव्हते.

मग भाद्रपदात एकदा गाडी बिघडली. सकाळी नऊला येणारे हिंमतराव दुपारी तीनला आले. इसार द्यायला आले होते. उकंडराव त्यांच्या मागून घाम पुसत आत शिरले, आणि माझ्याकडे पाहून पहिल्यांदा त्यांचा चेहरा बैलबाजारातला राहिला नाही. नैवेद्य होऊन तीन तास झाले होते.

रुमालाखालचं बोलणं आटोपलं. हिंमतराव खुशीत होते. बोलता बोलता गाव सांगून गेले. “आमी जानेफळचे. घाटावरचे. पोराले इथं सोसायटीत नोकरी लागली, म्हनून हे घर. नवी सून हाय, कोकिळा. सतरा-अठरा वर्साची. लय लाडाची हाय आमच्या. बाई, तिच्या हातचं वरन तुमी एकदा खायालेच पाह्यजे. येजा जानेफळाले.”

“येईन,” मी म्हटलं.

मग ते थोडे पुढे झुकले. “बाई, आता तुमचं मौन सुटलं. तुमीच सांगा. उन्हाळ्यात पानी कसं राह्यते?”

उकंडरावांनी सुपारी तोंडातच धरून ठेवली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मागितल्यासारखं.

मी म्हटलं, “बारमाही आहे. कधी आटत नाही. चहा घेता ना?”

हिंमतरावांनी चहा घेतला. इसार झाला. खरेदी पुढच्या शुक्रवारी, तालुक्याच्या कचेरीत ठरली. जाताना उकंडराव माझ्याजवळ थांबले आणि खरोखर आदरानं म्हणाले, “माय, तुमी बाजारात असत्या तं आमचं पोट चाललं नसतं.”

सांगायला लाज वाटते, पण तासभर मला समाधानच होतं. एकही शब्द खोटा गेला नव्हता. पाणी बारमाही होतं, आटत नव्हतं. मी दिवा लावला, स्तोत्र म्हटलं. मग भाजीला फोडणी देताना वरच्या फळीवरची आत्याबाईंची तपेली दिसली. आत पांढरी, जशीच्या तशी. आणि मनात आलं की दोन महिने मी ज्याला मौन म्हणत होते त्यातलं सकाळचं महादेवाचं होतं. दुपारी तीनचं कोणाचं? तोंड मोकळं होतं, माणूस समोर होता, प्रश्न सरळ होता. उकंडरावांनी निदान पाटी वाचायला घेतली होती. मी तर रकान्यात नुसती खूण केली, आणि वर शिक्का मारला.

आणि त्या घाटावरच्या पोरीची डाळ येत्या वैशाखात शिजणार नाही. हिंमतराव म्हणतील, लाडावली. शेजारच्या गोजरबाई म्हणतील, आईनं काही शिकवलं नाही. सगळ्यांना माहीत असेल.

रात्री जेवताना हे मोताळ्याच्या घराच्या खिडक्या मोजून दाखवत होते. पाच खिडक्या होत्या. मी पाचही ऐकल्या.

बुधवारी पहाटे उठले. आंघोळ केली, महादेवाला बेल वाहिला. पोथीचा अध्याय वाचायला घेतला तर अक्षरं पुढे सरकेनात. मग पोथी मिटून नमस्कार केला. तपेली पिशवीत घातली. वर एक जुनं धोतर टाकलं, कारण पितळ वाजतं. घराबाहेर पडताना हे दात घासत अंगणात उभे होते.

“इतक्या सकाळी कुठं?”

मी ओठांवर बोट ठेवलं.

“हां, मौन,” ते म्हणाले, आणि तोंडात पाणी घेऊन चूळ भरू लागले. चातुर्मासात पहिल्यांदा माझं व्रत माझ्या कामी आलं. वाईट वाटलं, पण थांबले नाही.

सव्वासातची गाडी थांब्यावर उभी होती. पुढच्या बाकावर उकंडराव बसले होते, बैलबाजाराला निघालेले. खांद्यावर तोच रुमाल. मला पाहून ते सरकले आणि जागा करून दिली. “बसा माय. देवदर्शनाले?” मग स्वतःच हसले. “बोलनार नाई तुमी. बसा बसा.” मी शेजारी बसले आणि पिशवी मांडीवर ठेवली. कुठल्या तरी खड्ड्यात आतली तपेली एकदा वाजलीच. त्यांनी पिशवीकडे पाहिलं.

कंडक्टर पंच वाजवत आला. “बोला, बोला. कुठं?”

“बाईचं मौन हाय,” उकंडराव मधात पडले. “त्यायचं तिकीट मी सांगतो. कुठं जायाचं माय, बोटानं दाखवा.”

ऊन अजून कोवळं होतं. नैवेद्याला साडेचार तास बाकी होते.

“एक खामगाव द्या,” मी कंडक्टरला म्हटलं. माझा आवाज बारीक आहे, त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुन्हा म्हटलं, आणि उकंडरावांना नीट ऐकू जाईल असं पुढचं विचारलं: “अन् तिथून जानेफळाची गाडी किती वाजता असते?”